अकूस्टिक ड्रम किटवर गाण्यासोबत वाजवायला कुठले हेडफोन? कान वाजायला लागलेत

काउंट_इन

नमस्कार मंडळी. अकूस्टिक किट घेऊन आठ महिने झाले, पाच पीसचं आहे, साधंच. रोज संध्याकाळी तासभर बसतो, त्यातली पंधरा-वीस मिनिटं रुडिमेंट्स म्हणजे हाताचे मूळ अभ्यास आणि बाकी सगळा वेळ मोबाईलवर गाणी लावून त्यांच्यासोबत, कारण खरी मजा त्यातच येते आणि टेम्पो पण त्यामुळेच सुधारलाय असं मला वाटतं. अडचण अशी आहे की मी सध्या मोबाईलसोबत आलेले साधे इअरफोन वापरतोय, आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप करायची सिंबलची जोडी) थोडी उघडी वाजवली की गाण्यातला बेस गिटार गायबच होतो, कोरसला क्रॅश सिंबलवर गेलो की गायक पण गेला, मग आवाज वाढवतो, मग अजून वाढवतो, आता तर रोज शेवटच्या पायरीवरच असतो.

गेले दोन आठवडे वाजवून उठलो की कानात बारीक सूंऽऽ असं वाजत राहतं. झोपेपर्यंत असतं, सकाळी गेलेलं असतं. काल आई पलीकडच्या खोलीतून काहीतरी सांगत होती आणि मला तीनदा "काय?" विचारावं लागलं, तेव्हा मात्र टरकलो.

तर आता नीट हेडफोन घ्यायचेत. क्लोज्ड-बॅक म्हणजे मागून बंद कपाचे घेऊ, नॉइज कॅन्सलिंगवाले घेऊ की इन-इअर? मला चष्मा आहे, जाड काड्यांचा, तो काढून वाजवणं जमत नाही. पुढेमागे इलेक्ट्रॉनिक किट पण घ्यायचा विचार आहे, दोन्हीला चालेल असं काही असेल तर बरं. साउंड क्वालिटी कुणाची चांगली तेही सांगा.

जुना_स्नेअर

काउंट_इन, आधी एक ऐक. ते इअरफोन आजपासून किटवर बसताना लावू नकोस. नवीन हेडफोन येईपर्यंत फोमचे साधे इअरप्लग घालून रुडिमेंट्स कर, गाणी पंधरा दिवस थांबली तर काही बिघडत नाही. कानात सूं वाजणं आणि पलीकडचं बोलणं न कळणं म्हणजे कान तात्पुरता बधिर होतोय. सकाळी परत येतो म्हणून आपण सोडून देतो, पण रोज रोज असं झालं की एक दिवस तो पूर्ण परत येत नाही, कारण आतल्या कानातल्या त्या बारीक केसासारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मी हे ऐकीव सांगत नाहीये, माझा डावा कान गेलाय थोडा, हाय-हॅटच्या बाजूचा. कुठल्याही शांत खोलीत गेलो की तो वाजतो, बारा वर्षं झाली.

आता हेडफोनचं. साउंड क्वालिटीचा प्रश्न तू पहिला विचारू नको, तो शेवटचा आहे. पहिला प्रश्न एकच, हेडफोन बाहेरचा आवाज किती अडवतात. का ते आकड्यांत बघ. जोरात वाजवताना ड्रमरच्या कानापाशी १०० ते ११० डेसिबल सहज होतात, रिमशॉटचा (काठी कातड्यावर आणि कडेवर एकदमच मारायची) टोकाचा फटका त्याच्याही वर जातो. आपण १०५ धरू. तुझे इअरफोन फार तर १० डेसिबल अडवत असतील, म्हणजे ९५ आत आलेच. आता त्या ९५ मधून गाणं वर यायला हवं म्हणजे तू गाणं ९८ ला नेणार. दोन्ही मिळून कानात १०० च्या आसपास. अमेरिकेतली एनआयओएसएच ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, तिचा हिशोब असा की ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला पंधरा मिनिटं. तू रोज पाऊण तास तिथे बसतोयस.

आता हेच २५ डेसिबल अडवणाऱ्या हेडफोनचं बघ. १०५ चे ८० राहिले. गाणं ८३ ला ठेवलं तरी स्पष्ट कळतं, दोन्ही मिळून ८५ च्या आत-बाहेर. तेच किट, तेच गाणं, तेवढ्याच जोरात वाजवलेलं. गाणं किती मोठं लावावं लागणार हे तुझ्या हातात नसतंच रे, ते तुझ्या कानावरची भिंत किती जाड आहे त्यावर ठरतं. म्हणून भिंत आधी घे.

ड्रमरसाठीच म्हणून बनवलेले आहेत काही. व्हिक फर्थचे एसआयएच २, कंपनी २५ डेसिबल सांगते. दिसायला कारखान्यातल्या इअरमफसारखे, आवाज ठीकठाक, पण कामाला चोख. बायरडायनॅमिकचे डीटी ७७० एम, ८० ओहमचे, कंपनी ३५ सांगते, वायरवरच व्हॉल्यूमचं चाक आहे ते वाजवताना फार सोयीचं पडतं. फक्त नाव नीट वाच, साधे डीटी ७७० प्रो वेगळे, ते एवढं अडवत नाहीत, आणि त्यातले २५० ओहमवाले मोबाईलवर नीट वाजणार पण नाहीत. सेनहायझर एचडी २८० प्रो ला ३२ पर्यंत लिहिलंय, डोक्यावर घट्ट बसतात आणि ड्रमरला घट्टच हवेत. सोनीचे एमडीआर ७५०६ रेकॉर्डिंगवाल्यांकडे १९९१ पासून दिसतात, आवाज छान आहे पण किटवर भिंत पातळ पडते, म्हणून रिमोट ऑडिओ नावाची कंपनी त्याच सोनीचे स्पीकर इअरमफच्या कपात बसवून विकते, एचएन ७५०६ नावाने. यावरून समज की गरज कशाची आहे.

एक सांगून ठेवतो, हे जे आकडे असतात ते कंपनीचे, आणि "पर्यंत" हा शब्द त्यात महत्त्वाचा. वरचे सूर म्हणजे सिंबल, स्नेअर ड्रमची तार, हे छान अडतात. किकचा धप्प खालचा आवाज कुठलाच हेडफोन तेवढा अडवत नाही.

डबल_पेडल

मी तर नॉइज कॅन्सलिंगच वापरतो भाऊ, बटण दाबलं की पंखा, गाड्या सगळं गायब, गाणं एकदम क्लिअर. घेऊन टाक.

घोस्ट_नोट

डबल_पेडल, तुम्हाला चालत असेल तर चांगलंच आहे, पण नवीन माणसाला एवढ्यावर घ्यायला सांगू नका प्लीज, कारण मी तेच केलं होतं आणि चार महिने चुकीच्या समजुतीत वाजवत राहिले.

ते तंत्र कशासाठी निघालं ते बघा. विमानाच्या इंजिनाची घरघर सतत एकसारखी चालू असते, ती माईकने ऐकायची आणि तिच्या बरोब्बर उलटी लाट कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात. बोसने पहिला असा हेडसेट १९८९ मध्ये विमानवाल्यांसाठीच काढला. पंखा, एसी, गाडीचं इंजिन, सगळं त्याच जातीचं, खालचं आणि सतत चालणारं. स्नेअर म्हणजे क्षणात येऊन क्षणात गेलेला फटका आणि त्यात वरचे सूर भरपूर, तिथे उलटी लाट तयार होईपर्यंत फटका पडद्यावर पोचलेला असतो. सिंबलच्या वरच्या सुरांना तर त्या तंत्राचा जवळजवळ उपयोगच नाही, तिथे जे काही अडतं ते फक्त कुशनमुळे. त्यात वर माझ्या हेडफोनचे बाहेरचे माईक एवढ्या मोठ्या आवाजाला कोलमडायचे, प्रत्येक जोरातल्या बॅकबीटला आत "फट्" असा वेगळाच आवाज यायचा आणि गाणं एक क्षण दबल्यासारखं व्हायचं. मला वाटायचं माझाच टायमिंगचा घोळ आहे.

घरी तपासायची सोपी पद्धत आहे. हेडफोन लावा, गाणं लावूच नका. किटवर बसून नेहमीच्या जोराने एक रिमशॉट मारा. डोळे आपोआप मिटले, खांदे वर गेले, तर ती भिंत पुरेशी नाही. चांगल्या आयसोलेशनमध्ये तोच स्नेअर पलीकडच्या खोलीत कुणी वाजवल्यासारखा येतो, डोळे मिटत नाहीत.

आता चष्म्याचं, कारण ते कुणी बोललंच नाही आणि मला स्वतःला चष्मा आहे. कुशन कानाभोवती चारही बाजूंनी टेकलं पाहिजे, आणि चष्म्याची काडी बरोब्बर कानाच्या वर-पुढे कुशनखालून जाते, तिथे फट पडते. फट कितीशी, पेन्सिलच्या टोकाएवढी, पण आवाजाला तेवढी पुरते. बघायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तुमचा हाय-हॅट वाजवायला सांगा, आणि काडी जिथे कुशनखाली शिरते तिथे बोटाने कप डोक्यावर दाबा. दाबल्याबरोबर हाय-हॅट मागे गेली तर तुमची फट तिथेच आहे. मी वाजवायला म्हणून जुन्या नंबरचा तारेसारख्या बारीक काड्यांचा चष्मा ठेवलाय, नोटेशन लांबून वाचायचं नसतं त्यामुळे चालतो. कुशन मऊ, जाडजूड, फोम किंवा जेलचं बघा. मखमली कापडाचे पॅड घामाला बरे वाटतात पण त्यातून आवाज गळतो, किटसाठी ते नकोतच.

काउंट_इन

बापरे, एवढं सविस्तर, खूप आभार. जुना_स्नेअर दादा, तो पंधरा मिनिटांचा हिशोब वाचून आज किटवर बसलोच नाही, फोम प्लग मागवलेत. घोस्ट_नोट ताई, तुमचं बोटाने दाबायचं टेस्टिंग करून बघतो मित्राचे हेडफोन आणून.

अजून एक. वायर मला फार नकोशी वाटते, मागच्या आठवड्यात फ्लोअर टॉमवर जाताना स्टिक वायरीत अडकली आणि मोबाईल थेट किक पेडलवर. ब्लूटूथवाले घेतले तर? पण ऐकलंय की ब्लूटूथला आवाज उशिरा येतो, मग टायमिंग चुकणार ना?

क्लिक_ट्रॅक

याबद्दल बरेच गैरसमज आहेत म्हणून जरा नीट लिहितो, कारण मी दोन्ही किट वाजवतो आणि दोन्हीकडे उत्तर उलटं आहे.

अकूस्टिक किटवर तू गाण्यासोबत वाजवतोयस. गाणं मोबाईलमधून निघालं आणि कानात २०० मिलिसेकंद उशिरा पोचलं. बरं मग? तू ऐकतोयस त्यावर वाजवतोयस, तुझा स्नेअर तर हवेतून लगेच येतोय, तुझ्या कानात गाणं आणि स्नेअर जुळलेलेच आहेत. मोबाईलने ते गाणं कधी पाठवलं याच्याशी तुला काही देणंघेणं नाही. क्लिक म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक आणि गाणं दोन्ही त्याच मोबाईलमधून त्याच हेडफोनमध्ये येत असतील तरी काही फरक नाही, दोन्ही सारखेच उशिरा. म्हणजे अकूस्टिकवर, फक्त सरावाला, ब्लूटूथ चालतं. घोळ कधी होतो, की तू व्हिडिओ काढतोयस आणि नंतर मूळ गाणं त्यावर चिकटवतोयस, मग सगळं वाजवणं मागे पडलेलं दिसतं, ते एकदा सरकवून जुळवावं लागतं. किंवा स्क्रीनवर पुढे सरकणारं नोटेशन बघून वाजवत असशील तर डोळा आणि कान भांडतात.

इलेक्ट्रॉनिक किटवर मात्र बिलकुल नाही. तिथे तुझा स्वतःचा स्नेअर मॉड्यूलमधून, म्हणजे किटचा आवाज तयार करणाऱ्या डब्यातून, हेडफोनला जातो. पॅडवर काठी पडली आणि "टक्" आलं २०० मिलिसेकंदांनी. १२० च्या टेम्पोला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे सिक्स्टीन्थ नोट १२५ ची. म्हणजे तुझा फटका दीड सिक्स्टीन्थ उशिरा ऐकू येणार, कुणीही वाजवू शकत नाही तसं. साध्या ब्लूटूथला १५० ते २५० मिलिसेकंद हे नेहमीचंच आहे. गाणं ब्लूटूथने मॉड्यूलला पाठवता येतं बऱ्याच नव्या मॉड्यूलमध्ये, ते चालेल, पण मॉड्यूल ते कान वायरच हवी.

तुला दोन्हीला चालणारे हवेत म्हणतोस ना, मग वायरचे घे आणि वायर नीट बांधायला शीक. पुढून छातीवर लोंबू द्यायचीच नाही. मानेमागून टी-शर्टच्या आत सोडायची, कमरेपाशी बाहेर काढून पट्ट्याला क्लिप, मोबाईल मागे स्टुलाजवळ किंवा खिशात. मान वळवायला वितभर सैल ठेव नाहीतर डावीकडे बघितलं की हेडफोन ओढला जातो आणि परत तीच फट. मॉड्यूलला बहुतेक मोठी ६.३ ची पिन लागते, मोबाईलला ३.५, तेवढा एक अडॅप्टर हाताशी ठेव. ओहम ३२ ते ८० च्या मधले बघ, दोन्हीकडे नीट आवाज देतील.

इलेक्ट्रॉनिक किटपुरतं विचारशील तर तिथे एवढी जाड भिंत लागत नाही, पॅडची टकटक तेवढी झाकली की झालं, तिथे ऑडिओ-टेक्निका एम५० एक्स सारखे पण मस्त चालतात. उलटं नाही चालत. अकूस्टिकचे इलेक्ट्रॉनिकला चालतील, इलेक्ट्रॉनिकसाठी घेतलेले अकूस्टिकला चालतीलच असं नाही.

लाइव्ह_किट

सगळे कानावरच्याच हेडफोनबद्दल बोलताय, मी इन-इअरची बाजू घेतो. चष्मा आहे म्हणजे इन-इअरच घे मित्रा, फटीचा प्रश्नच मिटला. घाम येत नाही, डोकं हलवलं तरी हलत नाही. मी शुअर एसई २१५ वर गेली कितीतरी वर्षं स्टेज आणि सराव दोन्ही करतोय, कंपनी ३७ डेसिबलपर्यंत सांगते, आणि वायर कानावरून मागे जाते त्यामुळे स्टिकचा धोका पण कमी. वायर तुटली तर तेवढीच बदलता येते.

पण नव्वद टक्के लोक ते नीट घालतच नाहीत आणि मग म्हणतात बेसच नाही, बाहेरचं सगळं ऐकू येतंय. फोमची टिप आधी अंगठा आणि बोटात चोळून चोळून एकदम बारीक करायची, सुरकुती न पडता. मग दुसरा हात डोक्याच्या मागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग टिप आत सरकवायची आणि बोट ठेवून तसंच थांबायचं, वीस-तीस सेकंद, फोम हळूहळू फुगताना बाहेरचं जग लांब लांब जाताना कळतं. झालं का बघायला दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबायचे. हात लावल्यावर फार फरक पडला नाही तर टिप बरोबर बसलीये. फरक पडला तर काढ आणि परत घाल. मी अजूनही दर वेळी हे करतो.

रबराच्या टिप्स तीन-चार मापांच्या येतात, दोन कानांना दोन वेगळी मापं लागू शकतात, मला लागतात.

जुना_स्नेअर

लाइव्ह_किट बरोबर बोलतोय, फक्त एक भर. इन-इअर नीट बसलं नाही आणि व्हॉल्यूम वाढवलास तर तुझ्या आत्ताच्या इअरफोनसारखीच गत, स्पीकर तर अजून आत गेलेला. शिस्त असेल तरच इन-इअर.

आणि व्हॉल्यूम लावायची पण पद्धत आहे. आधी गाणं मोठं लावून मग वाजवायला सुरुवात करायची नाही. आवाज शून्यावर ठेवायचा, साधा ग्रूव्ह म्हणजे ठेका सुरू करायचा, आणि ग्रूव्ह चालू असताना हळूहळू वर आणायचा, बेस गिटार आणि गायक जेमतेम कळले की थांबायचं. ती पायरी लक्षात ठेवायची. अर्ध्या तासाने वाढवावंसं वाटलं तर ती कान थकल्याची खूण आहे, उठायचं.

टॉम_टॉम

इन-इअरच्या वर इअरमफ घाला, कारखान्यात घालतात ते. मी साध्या इअरफोनवर पेल्टर कंपनीचे मफ घालून दोन वर्षं काढली, स्वस्तात काम झालं.

क्लिक_ट्रॅक

ही युक्ती चांगली आहे, मी पण केलीये, पण ३० चे प्लग आणि ३० चे मफ म्हणजे ६० असं होत नाही हे लक्षात घ्या. दोन थरांनी जो मोठा त्याच्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते. आणि ४०-५० च्या पुढे काहीही केलं तरी जात नाही कारण तेव्हा आवाज कानातून येतच नसतो, कवटीच्या हाडातून येतो. आत साधे इअरफोन असतील तर भिंत फक्त मफची, ती पण वायर जिथून बाहेर येते तिथे बारीक गळते.

घोस्ट_नोट

मला आता एका गोष्टीबद्दल बोलायचंय जी मला सगळ्यात जास्त महागात पडली, आणि हेडफोन चांगले असले की ती जास्त होते.

भिंत जाड झाली की आपले ड्रम आपल्यालाच लांबून यायला लागतात. सिंबल तर फारच मागे जातात, कारण वरचे सूरच आधी अडतात, उरतो तो किकचा धप्प आणि स्नेअरचा ठोकळ्यासारखा आवाज. मग हात काय करतो, त्याला हवी असलेली चमक ऐकू येत नाही म्हणून तो जोर लावतो. मला कळलंच नाही. माझ्या घोस्ट नोट्स, म्हणजे स्नेअरवरचे अगदी हलके फटके, ज्यांच्यावर मी एवढा जीव टाकते, त्या सहा महिन्यांत मोठ्या व्हायला लागल्या होत्या, उजवं मनगट दुखायला लागलं, राईड सिंबलवर काठीच्या टोकाऐवजी काठीचा खांदा म्हणजे टोकामागचा भाग पडायला लागला. एक दिवस मोबाईल कोपऱ्यात ठेवून रेकॉर्ड केलं आणि ऐकलं तर सगळं एकाच पातळीवर, धाड धाड धाड. रडू आलं खरंच.

त्यावर उपाय म्हणजे आपला ड्रम हेडफोनमध्ये परत थोडासा आणायचा. एकच माईक, उजव्या खांद्याच्या वर थोडा मागे, स्नेअरकडे बघणारा, छोट्या मिक्सरमध्ये. मोबाईल त्याच मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलला, हेडफोन मिक्सरला. आता सिंबलची चमक परत येते, पण ती किती यायची ते तुमच्या बोटात आहे. ऑडिओ इंटरफेसने करत असाल तर डायरेक्ट मॉनिटरिंग चालू ठेवा, कॉम्प्युटरमधून फिरून आलेला आवाज उशिरा येतो. माईक नसेल तर निदान आठवड्यातून दोनदा हेडफोन न लावता, इअरप्लग घालून, हळू आवाजात त्याच गाण्याचा ग्रूव्ह वाजवा, हाताला आठवण राहते. आणि एक कान उघडा ठेवून वाजवायची सवय अजिबात लावू नका, मी बघते बरेच जण करतात, तो उघडा कान सगळा मार खातो.

दुसरं, गाण्यातले मूळ ड्रम काढून टाका. मोइझेस सारखी ॲप्स आहेत, गाणं दिलं की ड्रम, बेस, आवाज वेगळे करून देतात. मूळ ड्रम गेले की तेवढ्याच पायरीवर बेस आणि गायक कितीतरी स्पष्ट येतात, कारण नाहीतर तुमचा स्नेअर आणि रेकॉर्डिंगमधला स्नेअर एकमेकांवर चढतात आणि तुमचा चुकला की बरोबर तेच कळत नाही. माझा व्हॉल्यूम यामुळे दोन पायऱ्या खाली आला, हेडफोन न बदलता. क्लिक लावत असाल तर तिचा आवाज वाढवण्याआधी तिचा सूर बदला, तीक्ष्ण लाकडी टिक्-टिक् कमी आवाजात पण सिंबलमधून निघते, मऊ बीप बुडते.

लाइव्ह_किट

घोस्ट_नोट, शंभर टक्के. बेससाठी अजून एक, स्टुलाच्या खाली बसवायचा शेकर मिळतो, किक आणि बेस गिटार पाठीच्या कण्यातून जाणवतात. बेस ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, तो जाणवायला लागला की ती गरजच कमी होते. नवीन माणसाने लगेच घ्यायची वस्तू नाही, पण असं काही असतं हे माहीत असू दे.

काउंट_इन

मंडळी, सव्वा महिन्याने लिहितोय, सॉरी. मित्राकडून दोन हेडफोन आणले होते आणि बहिणीला हाय-हॅटवर बसवून बोटाने दाबायचं टेस्टिंग केलं. काय सांगू, जाड काडीवर बोट दाबलं आणि हाय-हॅट अक्षरशः दार लावल्यासारखी मागे गेली. मग कपाटातला जुना बारीक काडीचा चष्मा शोधला. इन-इअर पण घालून बघितलं, पण डाव्या कानात टिप काही केल्या टिकेना, दर गाण्याला सैल व्हायची, त्यामुळे कानावरचेच घेतले, २५ डेसिबलवाले. पहिल्या दिवशी वाटलं बिघडलेत, एवढं सगळं लांब. आता मोबाईल निम्म्याच्या खाली असतो आणि बेस गिटारची प्रत्येक नोट कळते, दुसऱ्या कडव्यात तो किकच्या आधी किंचित लवकर येतो हे मला आठ महिन्यांत कधी ऐकूच आलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरकडे पण जाऊन आलो, ऑडिओमेट्री केली. डाव्या कानाला ४००० हर्ट्झपाशी छोटा खड्डा आहे आलेखात. डॉक्टर म्हणाले आवाजाने होणारं नुकसान साधारण तिथूनच दिसायला लागतं, सहा महिन्यांनी परत करू, तोवर हेच पाळा. सूं आवाज दोन आठवड्यांपासून आलेला नाही.

मूळ ड्रम काढून वाजवतोय. माईकचं अजून नाही जमलं पण रविवारी प्लग घालून हळू वाजवतो आणि मोबाईलवर रेकॉर्ड करतो. एकच शंका, पॅड घामाने ओले होतात, ते किती टिकतात? काही लावायचं का त्यांना?

जुना_स्नेअर

डावा कान सांभाळ, हाय-हॅट जरा खाली घे आणि लांब ठेव, दोन-तीन बोटांनी पण फरक पडतो.

पॅडला काही लावू नकोस, तेल-क्रीम तर नाहीच. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने पुसायचे आणि उघड्यावर ठेवायचे, बॅगेत ओले कोंबायचे नाहीत. कापडाचे ताणून बसणारे कव्हर चढवू नको, परत गळती. वर्ष-दीड वर्षात वरचं कातडं भेगाळतं किंवा आतला फोम बसतो. दिसायच्या आधी ऐकू येतं ते, त्याच पायरीवर बेस पातळ वाटायला लागला की पॅड बदलायची वेळ झाली. घेतानाच त्या मॉडेलचे पॅड वेगळे मिळतात का ते बघून ठेव.

काउंट_इन

मिळतात, बघितलं आत्ताच. हाय-हॅट दोन बोटं खाली घेतली, स्टूल पण थोडं खाली घ्यावं लागलं.